सात नंबरची खुंटी

फुलाबाईंच्या गोठ्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली औषधाची बाटली मागून घेतली, उन्हात धरून हलवली, मुलाला तिच्यावरची तारीख मोठ्यानं वाचायला लावली आणि मग म्हशीच्या मानेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "आता टोचा."

मी गुरांचा डॉक्टर. वालचंदनगरला राहतो आणि लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे या पट्ट्यात मोटारसायकलवर फिरतो. या फिरतीत माणसं पुष्कळ बघितली, पण इतक्या शिस्तीत संशय घेणारं माणूस दुसरं बघितलं नाही. गॅसची टाकी आली की फुलाबाई ती उचलून, हलवून बघणार. दुकानदारानं साखर तोलली की घरी आणून पुन्हा तोलणार. गावात कुणी गोड बोलायला लागलं की मला म्हणायच्या, "डॉक्टर, गोड बोलणाऱ्याच्या हाताकडं बगावं. तोंडाकडं न्हाय."

हा स्वभाव त्यांनी माहेरून आणला नव्हता. नवरा कुंडलिक कारखान्यात फिटर होता. तो छातीत कळ येऊन अचानक गेला, तेव्हा मुलगा विशाल शाळेत होता. त्यानंतर दरवर्षी नांगरटीच्या वेळी दिराच्या आणि यांच्या रानामधला हद्दीचा दगड थोडाथोडा यांच्या बाजूला सरकायला लागला. एका वर्षात कुणाच्या लक्षात येणार नाही इतकाच सरकायचा. फुलाबाईंच्या लक्षात आला तोवर यांचं लिंबाचं झाड दिराच्या रानात जाऊन उभं राहिलं होतं. मोजणी आणून त्यांनी जमीन परत मिळवली, पण माणसांवरचा विश्वास काही परत आला नाही.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, मी त्यांच्या म्हशीला बघायला गेलो तर अंगणात पांढरी जीप उभी. बारामतीकडच्या एका संशोधन केंद्रातून संदेश सर नावाचे हरभऱ्याचे शास्त्रज्ञ आले होते. बरोबर शगुफ्ता नावाची एक मुलगी होती. कृषी पदवीधर, इंदापूरची, केंद्रात कंत्राटावर कामाला. विशाल लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्यानं आईला न विचारताच फोनवर होकार देऊन टाकला होता, त्यामुळं फुलाबाईंचं तोंड आधीच वाकडं झालेलं.

"चाचणीचे वाफे तुमच्या रानात घ्यायचे आहेत, मावशी," संदेश सर म्हणाले. "कालव्याकडचं ते खालचं रान."

"त्यात हरभरा मरतोय," फुलाबाई म्हणाल्या. "दर साली मर लागती. वरचं रान चांगलं हाय, ते का न्हाय मागत?"

"मर लागते म्हणूनच तर ते हवंय."

फुलाबाईंनी माझ्याकडं बघितलं. चांगलं सोडून नासकं मागणारा माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

मग शगुफ्तानं समजावून सांगितलं. मर रोग मातीतून मुळाला लागतो, उभं झाड वाळतं. पूर्वी रोग सोसणारा वाण तयार करायचा म्हणजे रोगट मातीत पेरायचं, काय जगतं ते बघायचं, जगलेल्याचं बी धरायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. आता कोवळ्या पानाचा तुकडा तपासला की त्यातल्या जनुकांवरून कळतं, मर सोसायचा गुण त्या रोपात उतरलाय की नाही. केंद्रानं लोकांच्या आवडीच्या जुन्या हरभऱ्याचा एका चिवट हरभऱ्याशी संकर केला होता. दर पिढीला पानं तपासून, ज्यात गुण उतरला तेवढीच रोपं पुढं नेली होती. आता खऱ्या शेतात, खऱ्या रोगट मातीत ती टिकतात का आणि पिकाचा उतारा किती देतात, ते बघायचं होतं.

"ते कापसासारखं हाय का? भायेरचं काहीतरी घातल्यालं?"

"नाही, आत्या. हरभऱ्यातलाच गुण हरभऱ्यात. आम्ही फक्त निवडतो, पण पान वाचून निवडतो."

"पान वाचून," फुलाबाई म्हणाल्या.

तुलनेसाठी त्यांचं घरचं बीही एका वाफ्यात पेरायचं होतं. हे बी त्यांनी लग्न झाल्यापासून राखलेलं. राखेत घोळून, कोठीत ठेवून, दरसाल पुढं नेलेलं. ते द्यायला त्यांनी बरेच दिवस घेतले. मला म्हणाल्या, "आज बी मागत्यात, उद्या त्येला स्वतःचं नाव देत्याल. मग माझंच बी मला इकत." शेवटी विशालनं डोकं खाल्लं म्हणून त्यांनी एक फडक्यातली पुरचुंडी काढून दिली.

पेरणी झाली. वाफ्यांच्या तोंडाशी नंबर टाकलेल्या लोखंडी खुंट्या ठोकल्या. कोणत्या नंबरात कोणता वाण, हे फक्त संदेश सरांना माहीत. शगुफ्तालासुद्धा सांगितलेलं नव्हतं, कारण बघणाऱ्याला वाण माहीत असला की मन तिकडं झुकतं आणि डोळे पक्षपात करतात, असं त्यांचं म्हणणं. ते फुलाबाईंना मुळीच पटलं नाही.

"माझं रान, माझं बी, आन ते कुठं पेरलंय ते मलाच म्हाईत नसावं? ही कुठली रीत?"

शगुफ्ता आठवड्यातून एकदोनदा यायची. रोपं मोजायची, वाळलेली बाजूला काढायची, जाताना फुलाबाईंच्या हातचा चहा प्यायची. मुलगी बोलकी होती. म्हशींची नावं तिला पाठ झाली होती. फुलाबाईंचा राग थोडा निवळायला लागला होता, तेवढ्यात एक दिवस बोलता बोलता ती म्हणाली, "आमचे मामा तुम्हाला ओळखतात, आत्या. युनूस मामा. बियाण्याचं दुकान आहे त्यांचं."

फुलाबाईंनी कप खाली ठेवला.

युनूसभाईंच्या दुकानातून त्यांनी काही वर्षांमागं तुरीची पिशवी आणली होती. तूर डोक्याइतकी वाढली आणि शेंगाच धरेनात. बी भेसळ होतं की पावसानं फूल गळलं, याचा निकाल कधी लागला नाही. युनूसभाईंनी पिशवी बदलून दिली, माफीही मागितली, पण फुलाबाईंनी त्या दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही. आणि आता त्यांची भाची दर आठवड्याला यांच्या वाफ्यांत.

त्याच आठवड्यात शेजारच्या रानातला गेणू बांधावर भेटला तेव्हा फुलाबाई त्याला म्हणाल्या, "ती पोरगी युनूसची भाची हाय म्हणं. नवं बी हितं, मामाचं दुकान तितं. ध्यान ठिवाय पायजे." गेणूच्या कानात गेलेली गोष्ट लासुर्ण्याच्या स्टँडवर पोचायला फार वेळ लागत नाही.

रोपं महिन्याची झाली तशी मर दिसायला लागली. काही वाफ्यांत रोपं एकाएकी माना टाकायची, पानं पिवळी पडायची. चार नंबरचा वाफा तर ठिकठिकाणी विरळ झाला. सात नंबरचा मात्र गच्च, हिरवागार, एक रोप मलूल नाही. फुलाबाई रोज सात नंबरापाशी जाऊन बसायच्या. एक पान खुडून जिभेवर ठेवलं. तीच आंबूस चव, तोच बारीक पाला. त्यांची खात्री पटली. हे त्यांचंच बी. इतक्या वर्षांचं राखलेलं, याच मातीतलं. ते मरेल कसं?

आणि त्याबरोबर दुसरी खात्रीही पटली, की हे लोक सात नंबर आपला म्हणून सांगणार आणि फुलाबाईंच्या बियाला चार नंबरात ढकलणार.

मग त्यांनी जे केलं ते रागाच्या भरात केलं नाही, विचार करून केलं. हे मला त्यांनीच पुढं सांगितलं. जे पेरलं तेच उगवलंय ना, हे बघायला वाफ्यांतली पानं केंद्रात तपासायला जाणार होती. त्यांचा हिशोब असा होता, की पान वाचता येतं हे खरं असेल तर खुंटी कुठंही ठोका, पान खरं तेच सांगेल. आणि हे सगळं थोतांड असेल तर ही माणसं खुंटीवरचा नंबर बघून ठरलेलं लिहून मोकळी होतील.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी, शिवारात कुणी नसताना, त्या खालच्या रानात गेल्या. सात नंबरची खुंटी हलवून हलवून उपसली, चार नंबरची उपसली आणि अदलाबदल करून पुन्हा ठोकल्या. भोवतीची माती पायानं दाबली. वर वाळका पाला पसरला. घरी येऊन हात धुतले आणि भाकरी खाल्ली.

दोन दिवसांनी शगुफ्ता पानं घ्यायला आली. प्रत्येक वाफ्यातून कोवळी पानं तोडायची, छोट्या पिशवीत घालायची, पिशवीवर खुंटीचा नंबर घालायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचं. फुलाबाई बांधावर बसून तिच्या हातांकडं बघत होत्या. पोरीनं खुंटीकडं बघितलं, वाफ्याकडं बघितलं आणि क्षणभर थांबली. मग मान हलवली आणि पुढच्या वाफ्याकडं गेली.

निकाल यायला बराच वेळ लागला. तोवर हरभऱ्याला फुलं आली होती. एका सकाळी मी म्हैस तपासत होतो, तेव्हा पांढरी जीप आली. संदेश सर एकटेच उतरले. चेहरा उतरलेला.

"मावशी, या वाफ्यांत कुणी येतं का?"

"का? काय झालं?"

"सात नंबरची पानं सात नंबरच्या बियाशी जुळत नाहीत. ती तुमच्या घरच्या बियाशी जुळतायत. आणि चार नंबरात घरचं बी पेरलं होतं, तिथं आमचा नवा वाण निघतोय. पेरणी माझ्यासमोर झाली होती. म्हणजे पानं घेताना पिशव्यांची गफलत झालीय." थोडं थांबून ते म्हणाले, "किंवा केलीय."

फुलाबाईंच्या डोळ्यांत एक चमक येऊन गेली, ती मला दिसली. मला वाटलं, सरांची फजिती बघून त्यांना बरं वाटलं असेल.

"मग आता?"

"शगुफ्ताला वाफ्यांवरून काढलंय. तिचं कंत्राट संपत आलंय, आता वाढवणं कठीण आहे. मला हे बोलायला नको, पण गावात काय बोललं जातंय ते केंद्रापर्यंत आलंय. मामाचं बियाण्याचं दुकान आहे, त्याच्यासाठी ती बी पळवते म्हणे. अशा माणसाला चाचणीवर ठेवलंच कसं, म्हणून मलाच विचारतायत."

जीप गेली. फुलाबाई बराच वेळ गोठ्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मी विचारलं, "आत्या, बरं वाटतंय ना?" तर म्हणाल्या, "पान खरं बोललं, डॉक्टर." मला काही कळलं नाही.

त्यांचा पहिला दिवस खुशीत गेला. आपण लावलेला सापळा चालला. पान वाचणारे खोटे नाहीत, हे त्यांना आता पक्कं माहीत होतं, आणि गंमत अशी की जगात हे पक्कं माहीत असलेलं माणूस त्या एकट्याच होत्या. पण त्याबरोबर जे दुसरं उघडं पडलं होतं, ते समजायला त्यांना रात्र गेली. घरचं बी चार नंबरात होतं. ते विरळ झालेलं, माना टाकणारं, तेच त्यांचं. जिभेनं त्यांना फसवलं होतं. त्यांनी मला सांगितलं, "मी दुसऱ्याच्या लेकराला आपलं म्हणून कुरवाळत बसले हुते."

तरी त्या गप्प राहिल्या. मनाला समजावलं, की पोरगी युनूसची भाची आहे, एक काम गेलं तर मामाच्या दुकानात बसेल. आज ना उद्या तिनं काहीतरी केलंच असतं.

तीनचार दिवसांनी शगुफ्ता स्वतः आली. केंद्राच्या जीपनं नव्हे, एसटीनं जंक्शनपर्यंत येऊन पुढं चालत. तिची मोजपट्टी आणि कात्री फुलाबाईंच्या पडवीत राहिली होती, ती न्यायला. फुलाबाईंनी बसायला सांगितलं तर बसली नाही. चहा नको म्हणाली.

"कुणी केलं असंल, तुला काय वाटतं?" फुलाबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं होतं, पोरगी कुणाचं तरी नाव घेईल. कदाचित त्यांचंच.

"मीच केलं असेल, आत्या."

"म्हंजी?"

"पानं घेताना मला वाटलं होतं, की सात नंबरचा वाफा इतका विरळ कसा झाला. गेल्या खेपेला चांगला होता. पण खुंटीवर नंबर स्पष्ट होता. मी म्हटलं, माझीच आठवण चुकली असेल. आता वाटतं, मी आधीपासूनच गोंधळलेली असणार. पिशव्याही मीच उलट्या भरल्या असणार." तिनं कात्री पिशवीत घातली. "घरीही आता तेच चाललंय. गॅस बंद केला की परत बघायला जाते. कुलूप लावलं की परत ओढून बघते. अम्मी म्हणते, वेडी झालीस का. माझा माझ्यावरच भरोसा राहिला नाही."

ती गेली. फुलाबाई पडवीतच बसून राहिल्या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यावर संशय घेतला होता. स्वतःच्या डोळ्यांवर मात्र कधीच नाही. दगड सरकतोय हे त्यांना दिसलं, तेव्हा सगळा गाव नाही म्हणत होता. पण त्यांनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला म्हणून जमीन राहिली. या पोरीचे डोळे बरोबर होते. वाफा बदललाय हे तिला दिसलं होतं. तिच्या खऱ्या डोळ्यांना खोटं पाडलं ते फुलाबाईंनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, बारामतीला जायाचंय. इशाल पाळीवर हाय. न्याल का?"

मला वाटलं दवाखान्यात जायचं असेल. मोटारसायकलवर मागं बसून त्यांनी मला केंद्राकडं वळायला सांगितलं. केंद्राच्या दारात उतरल्यावर म्हणाल्या, "तुमीबी आत चला. साक्षीला." तेव्हा कुठं त्यांनी मला सगळं सांगितलं, तिथं सायकलींच्या शेडमध्ये उभं राहून. मी फक्त म्हणालो, "चला."

संदेश सरांच्या खोलीत शगुफ्ताही होती. कामाचा हिशोब द्यायला आलेली. फुलाबाई बसल्या नाहीत.

"खुंट्या मी बदलल्या," त्या म्हणाल्या. "सात आन चार. बाजाराच्या दिशी, दुपारी. पोरीचा काय दोष न्हाय."

शगुफ्तानं मान वर केली. संदेश सरांनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"मावशी, तुम्हाला कुणी पाठवलंय?"

"कोण पाठिवणार?"

"युनूसभाई येऊन गेले का तुमच्याकडं? किंवा हिनं सांगितलं?" त्यांनी शगुफ्ताकडं हात केला. "तुम्ही हिच्यावर माया करता, ते मला माहीत आहे. तिची नोकरी वाचावी म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय. चांगुलपणा आहे तुमचा, पण चाचणीचा प्रश्न आहे."

फुलाबाई आयुष्यात पहिल्यांदा गडबडलेल्या मी बघितल्या. जन्मभर लोकांना खोटं ठरवलं, आणि आज खरं बोलायला आल्या तर समोरचा माणूस त्यांच्या हाताकडं बघत होता.

"म्या युनूसचं तोंडबी बगत न्हाय," त्या म्हणाल्या. "त्येच्या भाचीसाठी खोटं बोलंन मी?"

हे ऐकून शगुफ्ताचा चेहरा असा झाला, की मला तिथून बाहेर जावंसं वाटलं.

"मग बदलल्या कशाला?" सरांनी विचारलं.

"तुमी खरं का खोटं ते बगाया."

 बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर मागं घेत होतं, त्याचा आवाज येत होता. शगुफ्ता पुढं झाली आणि म्हणाली, "सर, परत पानं घ्या ना. मी नाही, तुम्ही स्वतः घ्या. माझ्या पिशव्या उलट्या झाल्या असतील तर या वेळी सगळं जुळेल. खुंट्याच उलट्या असतील तर या वेळीही जुळणार नाही."

 हे संदेश सरांना आधीच सुचायला हवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. गावातलं बोलणं कानावर आलं आणि त्यांनी पुढची तपासणी न करताच माणूस दोषी धरला होता.

पानं पुन्हा घेतली. या वेळी सर स्वतः आले, दुसरा एक सहकारी घेऊन. फुलाबाई मात्र घरात बसून राहिल्या. बांधावरही गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मी तितं गेले तर म्हणत्याल, हिनंच काय तरी केलं."

निकाल येईपर्यंतचे दिवस त्यांना जड गेले. जेवण कमी झालं. विशालला सगळं कळलं, तेव्हा तो आईवर ओरडला आणि दोन दिवस बोलला नाही. मी म्हशीच्या निमित्तानं जात होतो. एकदा मी म्हणालो, "आत्या, तुम्ही केलंय तेच निकालात येणार. भीती कशाची?"

"पान खरं बोलतंय ह्ये मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "पान वाचणारा माणूस हाय ना पण."

निकाल तसाच आला. या वेळीही सात नंबरच्या खुंटीखाली घरचं बी होतं आणि चार नंबरच्या खुंटीखाली नवा वाण. बदल जमिनीत झाला होता, पिशवीत नाही. संदेश सरांनी फोन करून सांगितलं. खुंट्या जागेवर ठोकल्या गेल्या. रोपं मुळात जिथली तिथंच असल्यामुळं चाचणी वाया गेली नाही, फक्त नंबर दुरुस्त करावे लागले. शगुफ्ताचं कंत्राट वाढलं. सरांनी केंद्रात चारचौघांसमोर तिची माफी मागितली असं ऐकलं. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही.

फुलाबाईंचं काम मात्र संपलेलं नव्हतं. एका सकाळी त्या लासुर्ण्याच्या स्टँडवर गेल्या. गेणू आणि आणखी चारपाच जण चहाच्या टपरीवर होते. त्यांच्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "त्या पोरीनं बी चोरलं न्हाय. खुंट्या मी हलवल्या. मामाच्या दुकानाचं मीच बोलले हुते, ते चुकीचं बोलले."

लोकांनी ऐकून घेतलं. पण त्या वळल्यावर कुणीतरी म्हणालंच, "म्हातारीला काय तरी दिलं असंल." त्यांनी ते ऐकलं. मागं वळल्या नाहीत. गेणूनं मला हे सांगितलं तेव्हा त्याला जरा लाज वाटत होती, असं मला वाटलं.

युनूसभाईंकडं त्या गेल्या नाहीत. मी एकदा सुचवून बघितलं, तर म्हणाल्या, "भाचीचं येगळं, तुरीचं येगळं."

शगुफ्ता वाफ्यांवर परत आली, पण पूर्वीसारखी नाही. काम करायची, नमस्कार करायची आणि जायची. म्हशींची नावं घेत नव्हती. प्रत्येक वाफ्यापाशी खुंटी, मग रोपं, मग पुन्हा खुंटी असं बघायची. फुलाबाई तिला हाक मारत नव्हत्या. एकदा मला म्हणाल्या, "मी जे पेरलंय ते उगवतंय. तिचा काय दोष?"

माघ सरताना काढणी झाली. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. नव्या वाणाचे वाफे भरलेले निघाले. घाटे टपोरे, एकेका झाडाला लगडलेले. घरच्या बियाच्या वाफ्यातून निघालं ते पाटीच्या तळाशी राहिलं. फुलाबाईंनी दोन्हीकडचे दाणे तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत बसल्या.

"ह्ये बी मला पुढल्या साली मिळंल का?" त्यांनी विचारलं. शगुफ्ताला थेट विचारायला त्यांना जड गेलं असणार, कारण बघत होत्या दाण्यांकडं.

"लगेच नाही, आत्या. अजून दुसऱ्या गावांत बघायचंय. दुसरी माती, कमी पाणी, उशिराची पेरणी. इथं पुन्हा एकदा बघायचंय. एका वर्षाच्या उताऱ्यावर आम्ही वाण सोडत नाही."

"यवढं आलं तरी?"

"एवढं आलं तरी. हे वर्षच चांगलं असेल, थंडी चांगली पडली असेल. आमचा अजून भरोसा नाही."

"तुमचाच तुमच्या बियावर भरोसा न्हाय?"

"नाही."

फुलाबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. मला वाटतं, त्या सबंध वर्षात त्या केंद्राबद्दल त्यांना पटलेली ही पहिली गोष्ट होती.

"मग पुढल्या सालीबी खालचंच रान घ्या," त्या म्हणाल्या. "आन खुंट्यांना काटेरी कुंपण घाला, दाराला कुलूप लावा. किल्ली तुझ्याजवळ ठेव. माझ्याकडं दिऊ नगंस."

शगुफ्ता हसली नाही. थोडा वेळ ती पोत्याचं तोंड शिवत राहिली. मग म्हणाली, "घरचं बीपण परत तपासायला पाठवायचं का? त्यातली काही रोपं शेवटपर्यंत जगली. थोडीच, पण जगली. सर म्हणत होते, त्यात काय आहे ते बघायला हवं."

"कुठली जगली?"

"या, दाखवते."

दोघी खालच्या रानाकडं निघाल्या. शगुफ्ता पुढं आणि फुलाबाई चार पावलं मागं. काढलेल्या वाफ्याच्या कडेला शगुफ्तानं काही झाडं बाजूला बांधून ठेवली होती. फुलाबाई खाली बसल्या, एक झाड मुळासकट हातात घेतलं, मूळ चिरून आतला रंग बघितला. मर लागलेलं मूळ आतून काळं पडतं, हे स्वच्छ पांढरं होतं. त्यांनी ते शगुफ्ताच्या हातात दिलं, मग पुन्हा परत घेतलं, पुन्हा बघितलं आणि पुन्हा दिलं.